मोसंबीच्या शीतगृहातली बुखारी

संशय घेण्याचा मला सरकार पगार देत होतं. लष्करासाठी माल घ्यायच्या आधी तो तपासायचा, आणि माल बनवणारा आपल्याला फसवणारच आहे असं धरून चालायचं, हे माझं काम. बायकोचं म्हणणं असं, की नोकरी लागायच्या आधीही मी हेच करत होतो, फक्त फुकटात. उस्मानपुऱ्यातल्या भाजीवाल्याकडे मी मेथीची जुडी सोडून मधलं गवत शोधायचो. नोकरीनं त्याला प्रवासभत्ता जोडला, इतकंच.

ती दुष्काळाची वर्षं होती. आताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, पाण्यावाचून कोरडं पडलं होतं आणि तरी वाढायचं थांबत नव्हतं. जालना रोडला नव्या इमारतींच्या पाट्या लागल्या होत्या. एका पाटीवर पोहण्याच्या तलावाचं निळंशार चित्र होतं आणि तिच्याखाली रोज एक टँकर उभा असायचा, कारण त्या रस्त्यावर ड्रायव्हरला सावली तेवढीच होती.

अशा मे महिन्यात माझ्याकडे बुखारी तपासायला आली. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी, वर धुराडं असलेली पत्र्याची शेगडी. उंचावरच्या बर्फातल्या चौक्यांमध्ये जवान तिच्या आधारानं रात्र काढतात. ती बनवणारा माणूस शहरात कूलरवाला म्हणून ओळखला जात होता. चिकलठाण्याला त्याचं पत्र्याचं शेड होतं, आणि अर्ध्या शहराच्या खिडक्यांना त्याचे कूलर लटकत होते. वयानं माझ्यापेक्षा मोठा, पांढरी दाढी, बोटांना पत्र्याच्या जुन्या चिरा. सगळे त्याला चाचा म्हणत. मीही म्हणू लागलो, पण मनात अंतर ठेवून.

"चाचा, तुम्ही कूलर बनवता. बुखारी कुठून सुचली?"

"साब, कूलरला पाणी लागतं. लोकांकडं प्यायला नाही, कूलरमध्ये कोण ओतंल? माल तसाच पडून हाय. बुखारीला पाणी लागत नाही."

उत्तर इतकं सरळ होतं की मी सावध झालो. सरळ उत्तर देणारी माणसं दोन प्रकारची असतात, साधी आणि तयारीची. साधा माणूस निविदा भरत नाही.

पुढे त्यानं स्वतःच सांगितलं, की ही मागणी मिळाली तर शेड चालू राहील, नाहीतर शेजारच्या प्लॉटसारखी ती जागाही बिल्डरला द्यावी लागेल. पत्रा कापणारी जुनी माणसं त्यानं अजून घरी पाठवली नव्हती. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मी मनात म्हटलं, दबाव आणतोय.

आमच्या मागणीपत्रकात अटी थोड्याच होत्या. गोठायला आलेली बंद खोली बुखारीनं अर्ध्या तासात उबदार केली पाहिजे, तेवढ्या वेळात ठरल्यापेक्षा जास्त रॉकेल पिता कामा नये, आणि किंमत सगळ्यात कमी हवी. उत्तरेकडच्या एका कारखानदाराचीही बुखारी स्पर्धेत होती, तिची तपासणी तिकडे व्हायची होती. हे सगळं ठीक. पण मे महिन्यात मराठवाड्यात गोठलेली खोली आणायची कुठून?

ती चाचांनीच शोधली. गंगापूरच्या रस्त्याला मोसंबीचं एक शीतगृह होतं. बागाच वाळल्यामुळे खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि मालक मिळेल त्या भाड्याला तयार होता. जागा चाचांनी शोधली, म्हणून मी ती आधी एकटा जाऊन पाहिली. भिंतीत गरम हवेची नळी लपवली असेल तर कळावं म्हणून डॉक्टर छाती ठोकतो तशा सगळ्या भिंती ठोकल्या. राखणदार बराच वेळ बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "साहेब, घ्यायची हाय का जागा? आणखी दोघं येऊन ठोकून गेलेत."

वापरणाऱ्यांच्या बाजूनं एक सुभेदार पाठवले गेले. बुखारीपाशी त्यांनी खरेखुरे हिवाळे काढले होते. पण ते निघाले पिशोरचे, म्हणजे इथून जवळच्या गावचे. माझ्या लगेच लक्षात आलं, की तपासणीच्या नावाखाली घरी जायला मिळतंय. मी तसं आडून विचारलंही.

"गावाकडं जाऊन आलात का सुभेदारसाहेब?"

"नाय गेलो. घरची म्हणली, लगेच येऊ नका. पाण्याला एक माणूस वाढतो."

चाचणीच्या दिवशी मी ट्रंकेतला स्वेटर काढला. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. वर मफलर, माकडटोपी. कॉलनीत टँकरसाठी हंडे मांडून बसलेल्या सगळ्यांनी मला मे महिन्याच्या उन्हात त्या वेषात जाताना पाहिलं. शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, "मलेरिया का?" बायको म्हणाली, "नाही, सरकारी काम."

आत शीतगृहाची यंत्रं घरघरत होती. एका बाजूनं ती खोली थंड करणार आणि दुसऱ्या बाजूनं बुखारी ती तापवणार, अशी कुस्ती होती. बुखारी देखणी होती. सडपातळ, चकचकीत, आत छोटा पंखा, बारीक भोकांचा बर्नर. माझा बंदोबस्त ठरलेला होता. आतला भाग कुणी बदलू नये म्हणून बर्नरच्या झाकणावर आणि रॉकेलच्या टाकीच्या तोंडावर दोरा बांधला, त्यावर लाख ओतली आणि पितळी शिक्का उमटवला. कचेरीत हीच पद्धत होती. पोत्यांना, पेट्यांना, कुलपांना आम्ही वर्षानुवर्षं असंच सील करत आलो होतो.

बुखारी पेटली. थोड्या वेळानं माझेच दात वाजायला लागले, म्हणून मी बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. परत येऊन पाहतो तर खोली छान उबदार झालेली, आणि बर्नरवरचं सील गायब. नुसता दोरा लोंबत होता.

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो कुठल्याच सणाला झाला नव्हता. मी दोन्ही हात पसरून म्हटलं, "कुणीही जागचं हलायचं नाही. इथं छेडछाड झाली आहे. मी बाहेर जायचीच वाट बघितली जात होती." मग मी प्रामाणिकपणावर बोलायला लागलो. देशाच्या सीमेपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात टाकीवरचं दुसरं सील हळूच वाकलं, लांब झालं, आणि त्याचा लालभडक थेंब माझ्या बुटावर पडला.

सुभेदारांनी माझ्या बुटाकडे पाहिलं. "साहेब," ते शांतपणे म्हणाले, "ह्या सीलनं तुमच्यासमोरच छेडछाड केली."

चाचा हसले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीकडे तोंड करून खोकत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या बारीला कुलूप लावा साब. चावी तुमच्याकडं."

बुखारी कागदावर पास झाली होती. मी सही करून घरी जायला हवं होतं. पण लाख बुटावर पडलेला तपासनीस फार बारीक तपासतो. सगळं शीतगृह मी धुंडाळून काढलं. मागच्या खोलीत मोसंबीच्या रिकाम्या क्रेटांची रास होती. तिच्या आडोशाला पोतं पांघरलेलं काहीतरी होतं आणि पोत्यातून धुराड्याचं तोंड बाहेर आलेलं होतं. मी पोतं ओढलं. दुसरी बुखारी.

"चाचा, ही काय भानगड?"

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. जेवणाच्या वेळी अदलाबदल करायची, दुसरंच चांगलं यंत्र पुढं करायचं. पण अदलाबदलीची जोडी सारखी दिसावी लागते. ही बुखारी काळी, बुटकी, जाड बिडाची होती. ना पंखा, ना बारीक भोकं. शेळी चोरणारा तिच्या जागी म्हैस बांधत नाही. तेव्हा हा डाव वेगळा होता, आणि तो मला कळत नव्हता. म्हणून मला जास्तच राग आला.

चाचा एका क्रेटवर बसले. "साब, तुमचा कागद अर्ध्या तासात गरम मागतो. म्हणून ती पतली बनवली. तिच्या भोकात काजळी बसली का सुई मारायची, पंखा खोलायचा, जाळी बदलायची. बर्फ में सुई कौन मारेगा? आन् तुमचीच अट हाय, पुढची सगळी वर्षं दुरुस्ती मीच करायची, सुटे भाग मीच पुरवायचे. एकदा विकंल आन् मरेपर्यंत निस्तरंल मी. ही काळी उशिरा तापती. पन हिच्यात बिघडायला काय नाही. काजळी काडीनं खरडायची, हो गया."

"मग हीच का नाही दिलीत?"

"कागदात बसत नाही."

"आणि इथं कशाला आणलीत?"

"सुभेदारसाब ऊपर राहून आलेत. म्हटलं, त्यांना दाखवंल."

इतक्या वर्षांत मला एकही विकणारा असा भेटला नव्हता, की जो आपला पास झालेला माल घेऊ नका म्हणेल. मी रात्रीच्या जेवणापर्यंत त्यावर विचार केला. काळीत लोखंड जास्त, म्हणजे ती बनवायला स्वस्त नाही. मग घासाबरोबर उत्तर सापडलं. उत्तरेकडच्या कारखानदाराची बुखारीही पातळच होती. सगळ्याच पातळ बुखाऱ्या वाईट ठरवल्या की स्पर्धा खलास. चांगला डाव होता. आणि पोत्यातून धुराडं बाहेर राहिलं होतं की ठेवलं होतं? दुसऱ्या दिवशी हे मी सुभेदारांना विचारलं.

"लपवायचीच असती तर टेम्पोतच ठिवली असती," ते म्हणाले. ते काळ्या बुखारीपुढे उकिडवे बसून तिच्या पोटात बघत होते. "पण साहेब, त्याचा डाव असू द्या. वर काय होतं ते सांगतो. काजळी धरली का खोलीत धूर होतो. धूर झाला का दार उघडायचं. दार उघडलं का जमवलेली ऊब भायेर. मग ऱ्हायलं काय, नुसतं रॉकेल जाळलं. आन् ते रॉकेल वर पाठीवर येतं. खेचराच्या, नायतर आमच्या."

"पण अर्ध्या तासात खोली तापते."

"तापती की. आमाला अर्धा तास नाय, सगळा हिवाळा काढायचा आसतो."

मी ठरवलं, चाचांना त्यांच्याच शब्दात पकडायचं. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन्ही बुखाऱ्या पेटवल्या. रॉकेल भरायला दार उघडायचं, पण साफ कुणी करायचं नाही. रॉकेल माझं, कुलपं माझी, चाव्या माझ्या जानव्याला. हे कुठल्याच कागदात नव्हतं. चाचांनी एका शब्दानं विरोध केला नाही, तेव्हा माझा संशय आणखी वाढला.

पुढचे काही दिवस मी रोज सकाळी माकडटोपी घालून शीतगृहावर जात होतो. पातळ बुखारीची निळी ज्योत आधी पिवळी झाली. मग तांबडी, मग फुरफुरायला लागली. एका सकाळी कुलूप काढलं तर खोलीत अंधार आणि रॉकेलचा दर्प. कुणी आत शिरून तिला मुद्दाम बंद पाडलं की काय, हे बघायला मी वाकून झाकण उघडलं आणि आत जोरात फुंकर मारली. काजळी जिथं होती तिथून निघाली आणि माझ्यावर आली. सुभेदारांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. उजेडात त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, आता सील लावा."

पलीकडच्या खोलीत काळी बुखारी सुस्त म्हशीसारखी रवंथ करत होती. तापायला तिला पातळ बुखारीच्या दुप्पट वेळ लागला होता. पण त्यानंतर ती थांबली नव्हती.

मी तसाच काळाठिक्कर घरी गेलो. टँकर आला नव्हता. बायकोनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक तांब्या पुढं केला. "एवढंच आहे. तोंड धुवा नाहीतर हात."

"मोरीतल्या बादलीत आहे की पाणी."

"ते तुमच्या मशीननं फेकलेलं. भांड्यांना ठेवलंय."

मशीन म्हणजे पाणी शुद्ध करणारं यंत्र. मागच्या वर्षी मी मोठ्या अभिमानानं आणलं होतं. एक पेला उत्तम पाणी द्यायचं आणि त्यापायी कितीतरी पेले मोरीत सोडायचं. दुष्काळात. शिवाय त्याची जाळी सारखी बदलावी लागायची, आणि ती बदलणारा फोन उचलत नव्हता. मी मोरीत बसून त्याच टाकाऊ पाण्यानं काजळी धुवायला लागलो.

"मी दुकानात नीट तपासून घेतलं होतं," मी आतून म्हटलं.

"काय तपासलंत? पेलाभर पिऊन बघितलंत. गोड आहे म्हणालात आणि घेतलंत."

काजळी साबणानंही निघत नव्हती.

आता अहवाल लिहायचा होता. कागदाला जेवढं हवं तेवढंच लिहिलं तर पातळ पास, चाचांना मागणी, आणि माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. वर काय होईल ते वरच्यांनी बघितलं असतं. सगळं लिहिलं तर मागणी लांबणार, कदाचित रद्दच होणार, आणि तोवर शेड टिकेल याची खात्री नाही. मी चिकलठाण्याला जाऊन चाचांना हे तोंडावर सांगितलं. खरं तर आता त्यांचा चेहरा कसा बदलतो ते मला बघायचं होतं.

चेहरा बदलला. त्यांनी पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं. शेडच्या दुसऱ्या टोकाला दोघं जण विनाकारण तेच तेच झाडत होते. काम नसलं की माणूस असं झाडतो.

"लिहा साब," चाचा म्हणाले. "सगळं लिहा. पर जल्दी लिहा. उशीर झाला तर मेरेकू खरं लिहून पन काय फायदा नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मला डाव शोधावासा वाटला नाही. म्हणजे, रिक्षात बसेपर्यंत वाटला नाही. रिक्षात वाटला.

मी सगळं लिहिलं. अर्ध्या तासाची अट सैल करा. साफसफाईशिवाय किती चालते ते बघा. किंमत ठरवताना वर वाहून न्यायचं रॉकेल, सुटे भाग आणि दुरुस्ती हेही धरा. आणि मोठी मागणी देण्याआधी थोड्या बुखाऱ्या खऱ्या बर्फात एक हिवाळा पेटवून बघा, कारण तिथली विरळ हवा मोसंबीच्या खोलीत मिळत नाही. सुभेदारांनी खाली आपलं मत जोडलं. त्यांनी एकच वाक्य लिहिलं, ते माझ्या सगळ्या पानांपेक्षा चांगलं होतं, म्हणून इथं देत नाही.

वरिष्ठांनी मला बोलावलं. "मागितलेली वस्तू पास झाली. न मागितलेली तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून तपासली?"

"माझ्याच, साहेब. मला संशय आला."

"आम्हालाही आलाय. कूलरवाल्याचा आणि तुमचा संबंध काय?"

काही दिवसांनी चौकशीसाठी एक गृहस्थ घरी आले. अगदी माझ्याच जातकुळीचे. त्यांनी खिडकीतला कूलर पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "कुणी दिला?" मी सांगितलं, जुना आहे, रोखीनं घेतलाय, आणि पाणी नसल्यामुळे बंद आहे. ते मानेनं हो म्हणाले आणि तरीही उठून त्यांनी मागची जाळी काढली. आत बायकोनं कांदे ठेवले होते. गृहस्थांनी एक कांदा उचलून उजेडात फिरवून पाहिला. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटला.

काही निष्पन्न झालं नाही, पण मला बुखारीवरून काढून मोजे आणि बुटांच्या नाड्या तपासायला बसवण्यात आलं. मी नाड्या ताणत राहिलो. अहवालाचं मात्र कुणीतरी ऐकलं. चाचांच्या पातळ, चाचांच्या काळ्या आणि उत्तरेकडच्या पातळ, अशा मोजक्या बुखाऱ्या त्या हिवाळ्यात वर गेल्या. तेवढ्यावर शेड चालणं शक्य नव्हतं. चाचांनी अर्धं शेड टँकरवाल्यांना भाड्यानं दिलं आणि उरलेल्या अर्ध्यात ते थांबून राहिले.

हिवाळा निम्मा सरल्यावर सुभेदारांचा फोन आला. चाचा तेव्हा माझ्यासमोरच बसले होते. अधूनमधून ते येत असत. काही विचारत नसत, नुसते बसत असत.

"साहेब, दोन्हीकडच्या पातळ बंद पडल्या. काळी चालू हाय."

"नक्की? बर्नर कुणी बदलला नाही ना?"

"नाय."

"साफ कोण करतं? खास माणूस ठेवलाय का?"

"ज्याची पाळी आसंल तो खरडतो. साहेब, चालतीया म्हणून तुमाला राग आला का?"

"धूर?"

"धुराड्यातून जातो. अन् एक सांगायचं ऱ्हायलं. हिचं डोकं सपाट हाय. वर बर्फाचं पातेलं ठिवलं का घटकाभरात पाणी. पोरं आता तिला उबीसाठी कमी आन् पाण्यासाठी जास्त जपतेत."

फोन मी स्पीकरवर ठेवला होता. चाचा पुढं सरकले. "पानी?" ते माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले. "साब, पानी का मैने सोचाच नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी मात्र लगेच सुभेदारांना विचारलं, "पातेलं किती मोठं आहे? चाचणीत पातेलं नव्हतं."

पुढच्या उन्हाळ्यात मागणी आली, काळ्या बुखारीची. टँकरवाल्यांना शेडमधून निघायला सांगताना चाचांनी त्यांना चहा पाजला, असं ऐकलं. मागणीपत्रकात अर्ध्या तासाची अट नव्हती. तिच्या जागी नवी अट होती, वर भरलेलं पातेलं ठेवून बुखारी चालली पाहिजे. आधीचं सगळं प्रकरण मलाच ठाऊक असल्यामुळे त्या चाचणीपुरतं मला मोज्यांवरून परत बोलावलं गेलं.

चाचांनी शेडमध्ये घासूनपुसून एक पातेलं तयार ठेवलं होतं. मी ते बाजूला सारलं आणि पिशवीतून घरचं काढलं.